स्पीड पुरे, आता पाळीचं बोला

गेल्या महिन्यात सोलापुरात इंटरनेटच्या दर्जावर एक छोटी बैठक झाली. केबल-इंटरनेटचा धंदा करणारे दहा-बारा जण, टॉवेल-चादरीचे काही कारखानदार, इंजिनिअरिंगची मुलं आणि त्यांचे दोन प्राध्यापक. विषय साधा होता: संध्याकाळी लाइन का अडकते? दोन तासांत तट पडले. धंदेवाले म्हणत होते, लाइन मोठी करा, बाकी सगळं आपोआप होईल. मुलं म्हणत होती, सर्व्हरवरच्या टीसीपीमधलं, म्हणजे डेटा पाठवण्याच्या नियमांमधलं, जुनं गर्दी-नियंत्रण बदलून गूगलचं बीबीआर लावा, रांगच उरणार नाही. मध्येच एका ज्येष्ठ पुरवठादारांनी तिसरी काडी टाकली: गर्दी करतात व्हिडिओवाले, तर पैसे त्यांच्याकडून घ्या. टाळ्या तिघांनाही पडल्या. चहा झाला, फोटो झाला. मी या धंद्यात खांबावर चढून तार ओढण्यापासून वीस वर्षं काढली आहेत, आणि घरी जाताना मला राहून राहून वाटत होतं की तिघांनीही भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नेटवरची गर्दी हा मुळात वाटपाचा प्रश्न आहे. लाइन भरलेली असताना ती कुणाला, कधी, किती मिळणार, एवढंच त्यात ठरायचं असतं. ते वाटप पाठवणाऱ्याच्या सभ्यपणावर सोडून भागत नाही. जिथे सगळ्यांची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, एका तोंडाशी येतात तिथे, म्हणजे राउटरमध्ये, पाळी लावावी लागते. पाळी लावण्याची सोय आज फुकट मिळते, एका तपाहून जास्त काळ वापरात आहे, आणि तरी आपल्याकडे लाइन विकणारा, घेणारा किंवा तपासणारा कुणीही तिची चौकशी करत नाही.

ज्यांना यातली यंत्रणा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमचा संगणक फाइल पाठवतो तेव्हा वाटेतली लाइन किती मोठी आहे हे त्याला कुणी सांगत नाही. तो फाइलचे तुकडे करून सोडतो आणि समोरून पोच यायची वाट बघतो. पोच आली की पुढच्या खेपेला थोडे जास्त तुकडे. एखाद्या तुकड्याची पोच आलीच नाही, तर वाटेत गर्दी झाली असं समजून हात आखडता घ्यायचा. जुन्या रेनो पद्धतीत निम्म्यावर, आज लिनक्समध्ये मुळातच लावून येणाऱ्या क्युबिकमध्ये सत्तर टक्क्यांवर. मग पुन्हा चढायला सुरुवात. म्हणजे गर्दी टाळण्याची युक्ती टीसीपीजवळ नाही. ते गर्दीला जाऊन धडकतं आणि मग मागे येतं, वीज गेल्यावर भिंत चाचपत चालणाऱ्या माणसासारखं. भिंत कुठे आहे हे कळायला तिला हात लागावाच लागतो.

एवढं शहाणपणसुद्धा त्याला जन्मतः नव्हतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचंच बर्कले विद्यापीठ यांच्यातली लाइन बसली. अंतर ४०० यार्ड, म्हणजे पाच मिनिटांची चाल. सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. आठशेपट घसरण, आणि तार कुठेही तुटलेली नव्हती. पोच उशिरा येते म्हणून प्रत्येक संगणक तेच तुकडे पुन्हा पाठवत होता, त्यामुळे गर्दी वाढत होती, त्यामुळे पोच आणखी उशिरा येत होती. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह तोडगा काढला, १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि बर्कलेच्या युनिक्समधून सगळीकडे पसरला. त्या वेळी नेटवर संगणक होते हजारांत मोजण्याइतके, आणि त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं मोजकी. त्यांनी मनावर घेतलं आणि झालं. ना कायदा, ना दंड. ही कथा आपल्या प्राध्यापकांना फार आवडते. बैठकीतही सांगून झाली.

तिचा उरलेला अर्धा भाग मात्र कुणी सांगत नाही. जेकबसन यांच्या त्याच निबंधाच्या शेवटी लिहिलं आहे की टोकाचे संगणक लाइन ओसंडू नये एवढं बघू शकतील, पण वाटप रास्त होईल याची हमी त्यांना देता येणार नाही. त्यासाठी लागणारी माहिती फक्त मधल्या गेटवेपाशी, म्हणजे राउटरपाशी, असते, कारण सगळे प्रवाह तिथेच एकत्र येतात. त्याच्याही आधी, डिसेंबर १९८५ मध्ये, संगणकतज्ज्ञ जॉन नेगल यांनी वरकरणी विचित्र वाटणारा प्रश्न मांडला होता: राउटरला अमर्याद साठवण दिली तर गर्दीचा प्रश्न सुटेल का? उत्तर होतं, नाही. अति गर्दीत पॅकेट रांगेतच म्हातारी होतील आणि मुदत संपून मरतील. उपायही त्यांनी तिथेच सुचवला. प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी करा आणि प्रत्येक रांगेतून एकेक पॅकेट पाळीने सोडा. मग जो जास्त ढकलेल त्याचीच रांग लांबेल, शेजाऱ्याची नाही. म्हणजे काम दोन भागांचं आहे हे जाणत्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सोपा भाग आधी झाला आणि दुसरा आपण विसरून गेलो.

हा दुसरा भाग सोलापूरकराला समजवायला संगणकशास्त्र लागू नये. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी चावीवाला चावी सोडतो त्या दिवशी गल्लीत पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग कुणीतरी नळाला थेट मोटार लावतं. शेजारची धार बारीक होते, म्हणून शेजारी लावतो. त्याची बघून समोरचा. अर्ध्या तासात मोटार नसलेल्या घरातला नळ नुसती हवा फुसकारतो. यात दुष्ट कुणीच नसतं. पहिल्याची टाकी वरच्या मजल्यावर होती, दुसऱ्याकडे पाहुणे होते, तिसऱ्याला कामावर जायचं होतं. मात्र शेवटी जो मोटार लावत नाही तोच मूर्ख ठरतो. ‘नागरिकांनी नळाला मोटारी लावू नयेत’ हे आवाहन आपण लहानपणापासून ऐकतो. टीसीपीचं शहाणपण हे नेमकं तसलं आवाहन आहे. १९८८ मध्ये ते पाळलं गेलं, कारण गल्लीत घरं थोडी होती आणि सगळे एकमेकांना ओळखत होते.

सभ्य माणसाचं काय होतं त्याचा दाखला तंत्राच्या इतिहासातच आहे. १९९४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातून व्हेगस नावाची पद्धत पुढे आली. पॅकेट हरवायची वाट बघायची नाही. पोच यायला उशीर होऊ लागला, की रांग वाढते आहे हे ओळखून आधीच हात आवरायचा. रांग छोटी, नासाडी कमी. सगळ्यांनी वापरली असती तर उत्तमच. पण रेनोच्या शेजारी बसवली की व्हेगस मागे सरायची आणि रेनो तिची जागा खायचं. ती पद्धत चुकीची होती म्हणून मागे पडली असं कुणी म्हणत असेल, तर त्याने एकदा बिनमोटारीच्या घरात पाणी भरायला उभं राहून बघावं.

आता जवळचं उदाहरण. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक टॉवेलवाले आहेत. संध्याकाळी परदेशी ग्राहकाशी व्हिडिओ कॉल असतो. टॉवेल कॅमेऱ्यापुढे धरून काठ, रंग, लूप दाखवायचे असतात. नेमकं तेव्हाच चित्र गोठायचं. त्यांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला. फरक नाही. मग मला फोन: ‘स्पीड तर पूर्ण दाखवायलंय की ओ, मग कॉल का अडकायलाय?’ गेलो. नमुन्यांच्या गठ्ठ्यांवर लॅपटॉप ठेवून पिंग (पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो त्याचं माप) लावला. १८ मिलिसेकंद, स्वच्छ. मग त्यांच्या मुलाला म्हटलं, कॅटलॉगचे फोटो चढव. आकडा बघता बघता ३०० झाला, ५०० झाला आणि सातशेच्या वर जाऊन तिथेच डुलत बसला. फोटो चढून संपले, पुन्हा १८. दिवसभराचे फोटो आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवायची वेळ त्यांनी कामगार सुटल्यावरची ठेवली होती, म्हणजे बरोबर कॉलची.

हिशेब पाटीवर मांडता येण्याजोगा आहे. खाली येणारा वेग ३०० झाला होता. वर जाणारा मात्र १० एमबीपीएसवरच होता, आणि प्लॅन बदलताना त्याची चौकशी कुणी करत नाही. राउटरमध्ये साधारण एक मेगाबाइट साठवण धरा. एक मेगाबाइट म्हणजे ८० लाख बिट. सेकंदाला एक कोटी बिट वाहणाऱ्या लाइनवरून ते उपसायला ०.८ सेकंद लागतात. फोटोंनी ती साठवण काठोकाठ भरली, की मागून आलेल्या आवाजाच्या इवल्याशा पॅकेटलाही तितकाच वेळ शेपटाला उभं राहावं लागणार. मेमरी स्वस्त झाली म्हणून राउटरवाल्यांनी साठवण वाढवत नेली. हेतू चांगला होता, पॅकेट वाया जाऊ नये. पण पॅकेट वाया गेल्याशिवाय टीसीपीला थांबायचं कळतच नाही! त्याची भिंत आपण लांब सरकवली आणि मधल्या खोलीत सगळ्यांना कोंबलं. २०१० मध्ये जिम गेटिस या अमेरिकी सॉफ्टवेअर-तज्ज्ञाला हे स्वतःच्या घरात दिसलं आणि त्यांनी त्याला बफरब्लोट हे नाव रुजवलं.

आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: मृतसाठा. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. धरणात पाणी दिसतं, पण कालव्याच्या दाराखाली असतं. राउटरमधली कायमची रांग तशीच. साठवण हवी असते अचानक आलेला लोंढा झेलायला. ती आधीच भरलेली असेल तर लोंढा घेणार कुठे? (उजनीचा मृतसाठा निदान दुष्काळात उपसून पिता येतो. राउटरमधल्या रांगेचा तेवढाही उपयोग नाही.) कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत दिली ती नेमका हा भेद ओळखणारी. रांग किती लांब हे ती विचारत नाही. पॅकेट किती वेळ उभं होतं ते मोजते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत हा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर ही रांग लोंढ्याची नव्हे, मृतसाठ्याची, असं धरून एखादं पॅकेट टाकते. पाठवणाऱ्याला वेळेत इशारा मिळतो. याला नेगल यांची पाळी जोडली की एफक्यू-कोडेल तयार होतं. टॉवेलवाल्यांकडे मी एक जुना राउटर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत प्रणाली घालून बसवला, वर जाणारा वेग ९ वर बांधला आणि पुन्हा फोटो चढवायला लावले. पिंग २५ ते ३०. फोटो चढायला सुमारे दहावा हिस्सा वेळ जास्त लागला, तो कुणाच्या ध्यानातही आला नाही.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं बघू. लाइन मोठी करा म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. गेल्या वीस वर्षांत सोलापूरच्या ग्राहकाचं आयुष्य सुधारलं ते फायबरमुळे. एकाही अल्गोरिदमने तेवढं केलेलं नाही, हे मी खांबावरून पाहिलं आहे. रिकाम्या लाइनवर कुठलीही पद्धत सारखीच चालते. पण टीसीपीचा स्वभावच लाइन भरण्याचा. मोठी दिली तर मोठी भरेल, कमी वेळ भरेल, पण भरेल. वेग दहापट केला आणि सोबत साठवणही दहापट दिली, तर ०.८ सेकंद जिथल्या तिथे राहतात. शिवाय अडचण जागा बदलते. पुण्याचा रस्ता चौपदरी झाला म्हणून आपण सोलापूरच्या वेशीपर्यंत झपाट्याने येतो आणि मग सात रस्त्यावर उभे राहतो. घरात फायबर आलं की अडचण वायफायमध्ये जाते, आणि वायफायचा वेग तर माणूस स्वयंपाकघरात गेला तरी बदलतो. तिथे किती फायबर ओतणार?

बीबीआरवाल्या मुलांचं म्हणणं जास्त वजनदार आहे. २०१६ मध्ये गूगलच्या चमूने ते मांडलं, आणि गंमत म्हणजे त्या चमूत जेकबसनही होते. पॅकेट हरवणं म्हणजे गर्दी, हे स्वतःचंच जुनं समीकरण त्यांनी सोडलं. वाटेतली सर्वांत अरुंद जागा सेकंदाला किती वाहून नेते आणि रिकाम्या वाटेवर जाऊन यायला किमान किती वेळ लागतो, या दोन गोष्टी सतत मोजायच्या आणि त्या मापाने पाठवायचं. युट्यूबवर त्यामुळे जाऊन यायचा मध्यक वेळ जगभरात सरासरी ५३ टक्क्यांनी आणि विकसनशील देशांत ८० टक्क्यांहून जास्त घटला, असं त्यांनीच नोंदवलं. ‘विकसनशील देश’ म्हणजे आपण. हा फायदा मी नाकारणार नाही. पण मुलांनी पुढची तीन वर्षं वाचलेली नव्हती. २०१९ मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी दाखवलं की बीबीआरच्या पहिल्या आवृत्तीचा एक प्रवाह, समोर जुन्या पद्धतीचे सोळा प्रवाह असले तरी, लाइनचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेऊन बसतो. सतरा घरांच्या गल्लीत एकट्या घरी चाळीस टक्के पाणी! पुढच्या आवृत्त्यांत हे कमी करायचे प्रयत्न झाले आहेत. सुधारतीलही. माझा आक्षेप त्या आवृत्तीवर नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या पाठवणाऱ्यांपैकी एक जण आपला पंप बदलतो, आणि त्याचा गल्लीवर काय परिणाम झाला ते आपल्याला तीन वर्षांनी कुणाच्या तरी प्रयोगातून कळतं, ही व्यवस्था मला मान्य नाही. आज त्याने चांगला पंप आणला. उद्या दुसरा कुणी वाईट आणेल तेव्हा त्याला कोण विचारणार? आता तर टीसीपीच्या जागी वापरलं जाणारं क्विक आलं. त्यात गर्दीचं नियंत्रण ॲपच्या आतच बसतं आणि एका अपडेटबरोबर बदलतं. १९८८ ची ती मोजकी माणसं एका खोलीत मावली असती. आजचे पंपवाले कुठल्या सभागृहात मावतील?

व्हिडिओ कंपन्यांकडून पैसे घ्या, या तिसऱ्या मतावर फार शाई घालवत नाही. महिन्याला किती जीबी गेले आणि गर्दी कुणी केली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री दोनला कुणी पन्नास जीबी उतरवून घेतले तर कुणाचं काही बिघडत नाही. संध्याकाळी आठला पाच सेकंद लाइन दाबून धरली तर शेजारची परीक्षा अडकते. उद्योगांना वीज तासागणिक वेगळ्या दराने लागते ती याच कारणाने. जीबीवर आकारलेला पैसा तिजोरी भरेल, रांग हलवणार नाही.

खरा जड आक्षेप चौथा आहे, आणि तो बैठकीत एका मुलीने शेवटच्या पाच मिनिटांत घेतला, तेव्हा अर्धे लोक चपला शोधत होते. ती म्हणाली, ‘राउटरला वाटप करू द्या म्हणजे चावी कंपनीच्या हातात द्या. मग जो पैसे देईल त्याची पाळी आधी.’ बरोबर आहे. फुकट इंटरनेटच्या नावाखाली निवडक साइट द्यायचा घाट इथे घातला गेला होता, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, भेदभावाचे दर बंद केले ते लाखो लोकांनी कळवल्यानंतर. चावीवाला कुणाच्या सांगण्यावरून कुठल्या गल्लीला पाऊण तास जास्त पाणी सोडतो, याच्या कथा आपल्याला काय कमी माहीत आहेत? म्हणून जे म्हणतात की मधल्या राउटरने मुकाट आला तो पुढे ढकलावा, अक्कल टोकांना असू द्यावी, त्यांची भीती मला खोटी वाटत नाही.

पण ‘आला तो पुढे’ ही रांग निःपक्षपाती असते का? रॉकेलच्या रांगेत डबे ठेवून जायची पद्धत जुन्या लोकांना आठवेल. एकाच घरचे सात डबे, मधे एका म्हातारीचा एक. रांग नियमाने सरकते, कुणी घुसत नाही, तरी म्हातारीच्या पाळीला रॉकेल संपतं. मधला राउटर काहीच करत नाही म्हणजे तो तटस्थ असतो असं नव्हे. तो जास्त डबेवाल्याच्या बाजूने असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. एफक्यू-कोडेल पॅकेट कुठल्या कंपनीचं, आत व्हिडिओ आहे की पत्र, हे बघत नाही. कुणाला पैसे घेऊन पुढे काढायची खिडकी त्यात नाही. ते एवढंच बघतं की हा प्रवाह आत्ताच पाणी घेऊन गेला, आता दुसऱ्याला घेऊ दे. कालव्यावर आपण हाच झगडा कित्येक वर्षं केला. मुखाजवळचा ऊस भिजत राहतो आणि टेलच्या शेतकऱ्याकडे आवर्तन संपेपर्यंत चारीला ओल पोचत नाही. त्यावर उत्तर काय निघालं? दार काढून टाका, पाणी वाहील तसं वाहू द्या, असं कुणी म्हटलं नाही. शेजपाळी लावा, शेपटाकडून मुखाकडे द्या, असं म्हटलं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसमच्या काठी फड पद्धत कित्येक पिढ्या चालली; तिथे पाटकरी गावाने नेमलेला आणि पाळी गावाला माहीत असलेली. पाळी लावणं वेगळं आणि पाणी विकणं वेगळं, हा भेद ज्या प्रदेशाने शेतात पाळला त्याला तो तारेत का कळू नये?

या युक्तिवादातही एक भोक आहे, ते मीच दाखवतो. प्रवाहागणिक पाळी लावली, तर लबाड माणूस एकाऐवजी तीस प्रवाह उघडेल. पुन्हा डब्यांचीच गोष्ट. ब्राउझर आणि डाउनलोडची सॉफ्टवेअरं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत, आणि नेटवर्क-संशोधक बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये याच मुद्द्यावर ‘प्रवाहागणिक समानता’ या कल्पनेची सालं काढली होती. त्यांची टीका मला पटते. म्हणून पाळी आधी घरागणिक लावायची आणि मग घरातल्या प्रवाहांत. २०१८ पासून लिनक्समध्ये असलेली केक नावाची पद्धत हे करते. दुसरी अडचण खर्चाची: देशाच्या मुख्य लाइनवरच्या राउटरला लाखो रांगा सांभाळणं परवडत नाही. नको सांभाळू दे. गर्दी बहुतेक वेळा तिथे नसतेच. ती शेवटच्या टप्प्यात असते, गल्लीतल्या आणि घरातल्या डब्यात, जिथे शंभर-दोनशे रांगा म्हणजे आजच्या स्वस्त चिपलाही किरकोळ काम. जानेवारी २०२३ मध्ये एलफोरएस नावाची आणखी एक व्यवस्था प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात पॅकेटवर खूण करून लवकर इशारा देतात आणि खूण लावणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर बरंच सोडतात. माझा कल कुठे आहे ते इथवर वाचणाऱ्याला कळलं असेलच.

मग करायचं काय? मला टोकाची पद्धत बदलणाऱ्यांशी भांडायचं नाही. ते त्यांचं काम करोत. पाळी असली की वाईट पंपवाल्याची रांग त्याच्याच दारात राहते आणि व्हेगससारखा सभ्य माणूसही उपाशी मरत नाही, म्हणजे नवे प्रयोग उलट निर्धास्तपणे करता येतात. माझं मागणं लाइन विकणाऱ्यांकडे, घेणाऱ्यांकडे आणि निकष ठरवणाऱ्यांकडे आहे. ट्रायच्या निकषांत लेटन्सीला, म्हणजे पॅकेटला लागणाऱ्या वेळेला, जागा आहेच. ग्राहकाला हवा असतो तो लाइन भरलेली असतानाचा आकडा, आणि तोच जाहिरातीत ठळक छापायला लावा. माझ्या हाताखालून गेलेल्या निविदांमध्ये एमबीपीएस असतो, पोर्टांची संख्या असते, वॉरंटी असते. शाळेची लॅब असो की दवाखाना, अपलोड चालू असताना पिंग किती राहिला पाहिजे, ही एक ओळ मला अजून कुठल्याही निविदेत भेटलेली नाही. ती ओळ घालायला पैसे पडत नाहीत. तपासायला दोन मोबाइल आणि दोन मिनिटं लागतात.

परवा राउटर विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारलं, तुमच्याकडच्या डब्यात रांगेची व्यवस्था आहे का? तो हसला. ‘सर, अँटेना किती ते विचारतात, भिंतीपलीकडं जातंय का विचारतात. हे कोण विचारत नाही बघा.’ मी मॉडेल लिहून घेतलं आणि आलो. दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला, सोबत सेटिंगच्या पानाचा फोटो: ‘सापडलं ओ सर, आतच हाय. पण बंद करून ठेवलंय. चालू करू का?’